जे दिसले तेवढेच लिही

नंदुरबारच्या भोवती मिरचीच्या पथाऱ्या लाल व्हायला लागतात, तोपर्यंत गावात काही पाहुणे येऊन राहिलेले असतात. पाऊस ओसरता ओसरता, सप्टेंबरच्या सुमारास ते येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात. सहा महिन्यांचा मुक्काम, पण शेजारीपाजारी कुणालाच पत्ता नसतो. कडुनिंबाच्या शेंड्याला पान हलल्यासारखे वाटते, ‘चि-स्वी’ असा बारीक पण टोकदार आवाज येतो आणि पुन्हा सगळे शांत. या पक्ष्यांना मराठीत वटवट्या म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. दिसतात कमी, वटवट जास्त.

आमच्याकडे हिवाळ्यात येणाऱ्यांपैकी तिघांची ओळख करून देते. पहिला हिरवट पर्णवटवट्या. हा झाडाच्या वरच्या भागात पानापानांतून किडे टिपत फिरतो, क्षणभर एका जागी थांबत नाही. दुसरा ब्लिथचा वेळू वटवट्या. हा तपकिरी, झुडपांत आणि कुंपणाच्या दाटीत राहतो आणि आतून ‘टक टक’ करतो. तिसरा छोटा शुभ्रकंठी. याला बाभळी आवडतात. डोके राखाडी, गळा पांढरा, डोळ्याच्या मागे गडद डाग.

पर्णवटवट्याचे वजन सात-आठ ग्रॅम. एक रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवून पाहा, साधारण तेवढे. एवढासा जीव उन्हाळ्यात पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या जंगलांत आणि हिमालयाच्या उंच भागांत पिल्ले वाढवतो आणि थंडीच्या आधी आपल्याकडे उतरतो. वेळू वटवट्या फिनलंड, रशिया, कझाकस्तान या मुलखांतला. युरोपातले बहुतेक छोटे प्रवासी पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात, हा मात्र हिंदुस्तानची वाट धरतो. पंख पसरून आणि मिटून उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहा, असे सूरह मुल्कमध्ये सांगितले आहे. दोन नाण्यांच्या वजनाचा पक्षी हजारो किलोमीटर पार करून आपल्या दाराशी येतो, हे कळल्यावर त्या आयतीकडे पाहण्याची नजरच बदलते.

हे पक्षी हिवाळाभर ओरडतात कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. वीण तर इथे होत नाही. ट्रेव्हर प्राइस नावाच्या अभ्यासकाने आंध्रातल्या पूर्व घाटात या पर्णवटवट्याचा हिवाळी मुक्काम अभ्यासला आणि १९८१ साली ते काम प्रसिद्ध केले. प्रत्येक पक्षी आपापल्या वाट्याची झाडे राखून असतो. दुसरा कुणी आला की आवाज करून त्याला हाकलतो. म्हणजे ही वटवट आपल्या पोटापाण्याच्या जागेची राखण आहे. आपण एक जुना कडुनिंब तोडतो, तेव्हा कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या रोजीची जागा जाते.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितल्यापासून मी फज्रनंतर नगरपालिकेच्या बागेत जाते. रविवारी माझी नवासी बरोबर असते. ती पाचवीत आहे. बाग काही मोठी नाही. पाच-सहा कडुनिंब, दोन करंज, एक शिरीष आणि मागच्या भिंतीलगत कुणी न छाटलेली झुडपे. त्या झुडपांतच सगळी मजा आहे. डोक्यावर ओढणी आणि डोळ्यांना दुर्बीण लावलेली म्हातारी पाहून चालायला आलेले लोक थांबतात. ‘चाची, काय हरवले?’ असे एकाने विचारले होते. हरवले काहीच नाही, सापडते का पाहते आहे, असे मी सांगितले. आता तेच गृहस्थ लांबून हात करून सांगतात, ‘तिकडे काहीतरी बोलते आहे.’

वटवट्यांची ओळख पटवणे ही मात्र खरोखर कठीण गोष्ट आहे. मोर, पोपट, बुलबुल यांना ओळखायला कष्ट नाहीत. हे पक्षी एकमेकांसारखे दिसतात. पर्णवटवट्याच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते, तर ह्यूमच्या पर्णवटवट्याच्या पंखावर दोन. पण पिसे झिजली की ती एक पट्टीही पुसट होते. झुडपातला वेळू वटवट्या अर्धा सेकंद दिसतो, तोही पाठमोरा. त्यात इथलाच बारमाही शिंपी पक्षी मध्ये येऊन गोंधळ घालतो. कित्येक वर्षे पक्षी पाहणारी माणसेही वटवट्यांपुढे हात टेकतात.

म्हणून मी नवासीला पहिल्याच दिवशी एक साधी शंभर पानी वही दिली आणि एकच कायदा सांगितला. जे दिसले, जे ऐकले, तेवढेच लिहायचे. जे असेल असे वाटते ते लिहायचे नाही. वहीत ‘नक्की नाही’ असा एक वेगळा रकाना पाडला.

कायदा सोपा आहे, पाळायला अवघड आहे. एका रविवारी भिंतीजवळच्या झुडपात काहीतरी हलले.

‘नानी, वेळू वटवट्या!’

‘काय दिसले, बेटा?’

‘तपकिरी पाठ. आणि टक टक केले.’

‘डोळ्यावरची फिकट रेघ दिसली?’

‘नाही. पण तोच असणार ना?’

‘मग पाठ लिही, आवाज लिही. नाव नक्की नाहीच्या रकान्यात.’

तिने तोंड फुगवले. शाळेत पक्ष्यांचे प्रदर्शन होते, तिला यादी लांब हवी होती. फोनवर तिने एका दुर्मिळ पक्ष्याचे चित्र पाहिले होते आणि ते नाव वहीत यावे अशी तिची फार इच्छा होती. मग ती हळूच म्हणाली, ‘नानी, लिहिले तर कुणाला कळणार आहे? बागेत आपण दोघीच तर होतो.’

दहा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न साठ वर्षांची माणसेही रोज स्वतःला विचारतात. कुणाला कळणार आहे? त्याचे एक उत्तर प्रत्येक मुसलमान घरात माहीत आहे. दोघी असलो तरी तिसरा पाहणारा होताच. पण मुलांना उत्तर गोष्टीतून दिले की ते टिकते. आणि ही गोष्ट सांगायला मला लांब जावे लागत नाही, आमच्याच जिल्ह्यातल्या शहाद्याला जावे लागते.

शहादा हे नाव मराठीत एका गावाचे. आपल्या कानाला मात्र ते ‘शहादत’ या शब्दासारखे ऐकू येते, म्हणजे साक्ष. या तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, त्यात तोरणमाळ. या डोंगरांच्या पायथ्याच्या रानात एक छोटे घुबड राहते, त्याला रानपिंगळा म्हणतात. गावात विजेच्या तारेवर, जुन्या भिंतीच्या भोकात दिसणारा साधा पिंगळा वेगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, छाती गडद आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो.

हे घुबड शास्त्राला कळले १८७३ साली. ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम, आजच्या छत्तीसगडमधून आलेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याला ते खानदेशात मिळाले. डेव्हिडसन यांना पक्ष्यांचा नाद होता. पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ साली ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली आहे. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारून, कातडी भरून ठेवणे. प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधत. कुणी, कुठे, कोणत्या तारखेला. एवढीच ती चिठ्ठी, पण त्या मेलेल्या पक्ष्याची साक्ष तीच.

१८८४ नंतर रानपिंगळ्याची खरी नोंद कुणाची झाली नाही. फक्त एकाने दावा केला होता. रिचर्ड मायनर्ट्झहागेन हे ब्रिटिश फौजेतले कर्नल, पक्षीशास्त्रातले मोठे नाव. अरबस्तानातल्या पक्ष्यांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९५४ साली निघाला. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते की तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द. कोण शंका घेणार?

आपले सालिम अली यांनाही हा पक्षी शोधायचा होता. त्यांची गोष्ट या मासिकाच्या घरांना परकी नाही. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्म, लहानपणीच आई-वडील गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. दहा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक रानचिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणे जायज आहे का, असा प्रश्न घेऊन पोरगा मामाकडे गेला. मामांना पक्षी ओळखता येईना. त्यांनी अंदाजाने काही सांगून वेळ मारून नेली नाही. चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि कपाटे उघडून शेकडो भरलेले पक्षी दाखवले. तिथून सालिम अली घडले. मुलाच्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, चल, माहीत असणाऱ्याला विचारू’ असे म्हणणारा एक वडीलधारा घरात होता, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात मोलाचे वाटते.

हेच सालिम अली १९३७ साली मायनर्ट्झहागेन यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांच्या मोहिमेवर गेले होते. पुढे त्यांनी आणि त्यांचे अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. सापडला नाही. मांडवीच्या त्या नोंदीने शोधाची दिशा चुकवली होती. २० जून १९८७ रोजी सालिम अली वारले. रानपिंगळा त्यांनी पाहिला नाही.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन शास्त्रज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी संग्रहालयांतले नमुने तपासत होत्या. मायनर्ट्झहागेन यांच्या नमुन्यांत काहीतरी जुळत नव्हते. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी त्या रानपिंगळ्याची बारकाईने तपासणी केली, क्ष-किरणाने आतले भरणही पाहिले. प्रत्येक कारागिराची शिवण वेगळी असते तशी पक्षी भरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी. हा पक्षी वरवर नव्याने भरलेला होता, पण आतल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हाताच्या होत्या. मायनर्ट्झहागेन यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचा खानदेशी पक्षी चोरला होता, जुनी चिठ्ठी काढून टाकली होती आणि आपल्या नावाची नवी बांधली होती. १९९९ साली हे सगळे पुराव्यासह छापले गेले. तो एकच पक्षी नव्हता. त्यांच्या संग्रहातले कितीतरी नमुने असेच चोरीचे आणि खोट्या चिठ्ठीचे निघाले. ते स्वतः १९६७ सालीच गेले होते. इज्जत मात्र मागे राहिली नाही.

मांडवीची खोटी नोंद बाजूला पडल्यावर रासमुसेन यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह त्या १९९७ च्या नोव्हेंबरात हिंदुस्तानात आल्या. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, तिथे काही मिळाले नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्या फांदीवर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १ जुलै १९९८ रोजी झाला.

ही गोष्ट सांगून मी नवासीला म्हटले, ‘बघ, दोन चिठ्ठ्या होत्या. एक खरी, एक खोटी. खोट्या चिठ्ठीने सालिम अलींसारख्या माणसाला चुकीच्या रानात फिरवले. खरी चिठ्ठी शंभर वर्षे कपाटात पडून होती, तरी तिने पाहुण्यांना बरोबर आपल्या शहाद्याला आणून सोडले.’ तिने विचारले, ‘डेव्हिडसनला माहीत होते, पुढे कुणी येणार?’ नव्हते माहीत. पण साक्ष पुढे कोणाच्या कामाला येईल हे साक्ष देणाऱ्याला कधीच माहीत नसते. म्हणून तर ती खरी द्यायची.

पुढे या पक्ष्याचा रीतसर अभ्यास झाला, त्यात फराह इश्तियाक या तरुण संशोधक आणि सोसायटीचे तेव्हाचे संचालक असद रहमानी हे होते. तोरणमाळ आणि मेळघाटच्या रानांत फिरून रानपिंगळा काय खातो, कुठे घरटे करतो, किती उरला आहे, हे त्यांनी लिहून ठेवले. आपल्या मुलींना हे नाव जरूर सांगावे. घुबड दिसणे अशुभ, त्याचे अवयव करणीला लागतात, अशा समजुतींनी या पक्ष्याचा जीव घेतला जातो. घुबडाचा अपशकुन मानण्याला हदीसमध्ये साफ नकार आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

आता कुणी म्हणेल, घुबडाचे ठीक, पण वटवट्याच्या वहीत ‘नक्की नाही’ लिहून काय मिळते? त्यालाही उत्तर आहे, आणि ते वेळू वटवट्याच्याच भावकीतले आहे. ह्यूम यांना १८६७ साली हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या मिळाला. दिसायला वेळू वटवट्यासारखाच, पण चोच जरा मोठी. तसा दुसरा कुठे मिळाला नाही. हा खरा वेगळा पक्षी की एखादा विचित्र नमुना, हा वाद शतकभर राहिला. २००२ साली त्या जुन्या नमुन्याच्या डीएनए तपासणीने ठरवले की जात वेगळी आहे. पण जिवंत पक्षी कुठे होता?

२७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये फिलिप राउंड हे पक्षी पकडून कड्या घालण्याचे नेहमीचे काम करत होते. जागाही काही रम्य नव्हती, सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र होते. हातात एक वटवट्या आला. वेळू वटवट्यासारखा, पण चोच लांब आणि पंख आखूड. ‘तोच असणार’ म्हणून सोडून देणे अगदी सोपे होते. त्यांनी मापे घेतली, फोटो काढले, पिसे तपासणीला पाठवली. उत्तर आले, हा तोच ह्यूमचा मोठ्या चोचीचा वेळू वटवट्या. १३९ वर्षांनी जिवंत हातात आला होता. त्यानंतर २००९ साली अफगाणिस्तानात बदख्शानच्या वखान भागात त्याची वस्ती सापडली. बातम्यांत त्या मुलखाची ओळख फक्त लढाईने होते. तिथल्या नदीकाठच्या झुडपांत हा पक्षी निवांत पिल्ले वाढवत होता.

सगळ्यांनी ‘तोच असणार’ म्हटले असते तर हा पक्षी आजही हरवलेलाच राहिला असता. ‘नक्की नाही’ हा रकाना म्हणजे ज्ञानाची कमतरता नाही. पुढच्या शोधासाठी उघडे ठेवलेले ते दार आहे.

आपल्या दीनमध्ये हा धडा किती जुना आहे याचा विचार करा. सूरह नम्लमधली हुदहुदची गोष्ट मुलांना पाठ असते. हजरत सुलैमान (अलै.) पक्ष्यांची हजेरी घेतात, हुदहुद गैरहजर असतो. मग तो येतो आणि सबाच्या राणीची खबर आणतो. हुदहुद ऐकीव सांगत नाही, पाहून आलेली पक्की खबर सांगतो. आणि बादशहा लगेच फौज पाठवत नाही. तू खरे बोलतोस की खोटे हे आम्ही पाहू, असे सांगून त्याच्याकडेच पत्र देऊन पाठवतो. आणणाऱ्याने पाहून सांगितले, ऐकणाऱ्याने तपासून घेतले. दोन्ही बाजू एका गोष्टीत आल्या.

सूरह बनी इस्राईलमध्ये ताकीद आहे की ज्याची माहिती नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि दिल या सगळ्यांना जाब द्यावा लागेल. सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की खबर आली तर तपासून घ्या, नाहीतर नकळत एखाद्या जमातीचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ऐकलेले सगळे पुढे सांगत सुटणे एवढेही माणसाला खोटे ठरवायला पुरेसे आहे, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बजावले आहे. आपल्या मुहद्दिसांनी एकेका हदीससाठी सांगणाऱ्यांची साखळी तपासली. कुणी कुणाकडून ऐकले, भेट झाली होती का, माणूस खरा होता का, स्मरणशक्ती कशी होती. ज्या उम्मतीने साक्ष तपासण्याचे एवढे मोठे शास्त्र उभे केले, त्या उम्मतीच्या घराघरांत आज फोनवर आलेले जसेच्या तसे पुढे जाते.

त्याची किंमत काय असते हे आमच्या शेजारच्या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनवरून पसरलेली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी त्या गावात आले. जमावाने त्यांना ठेचून मारले. त्यांनी कुणाचे मूल पळवले नव्हते. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणी पाहिले होते? कुणी विचारले होते, हे तुला कुणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले का? सूरह हुजुरातची ती आयत राईनपाड्यानंतर मला वाचताना जड जाते.

ही सवय मोठेपणी एका दिवसात लागत नाही. ती लहानपणी, लहान गोष्टीत लावावी लागते. वटवट्या ही फार चांगली लहान गोष्ट आहे. चुकीचे नाव लिहिले तर कुणाचे घर जळत नाही, आणि खरे लिहिण्याचा सराव मात्र पुरता होतो. ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’, ‘मला वाटते’ आणि ‘मला कुणी सांगितले’ या चार गोष्टी मूल वेगवेगळ्या ओळखायला शिकते. प्रदर्शनात माझ्या नवासीच्या यादीत चौदा नावे होती, इतर मुलांपेक्षा कमी. बाईंनी विचारले, हा नक्की नाहीचा रकाना कसला? तिने सांगितले, ‘यातले पक्षी मला अजून समजायचे आहेत.’ त्या रकान्यात नऊ नोंदी होत्या.

ज्या घरांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. दुर्बीण नसली तरी चालते, कान पुरतात. जुनी झाडे आणि न छाटलेली झुडपे जिथे असतील तिथे सकाळी अर्धा तास शांत उभे राहा. अनेक गावांत अशी जागा म्हणजे आपले कब्रस्तान. तिथली साफसफाई जरूर व्हावी, पण जुनी चिंच, कडुनिंब आणि कुंपणाकडेची बाभूळ राहू द्यावी, अशी विनंती कमिटीच्या जबाबदार मंडळींना आहे. लावलेल्या झाडाचे पक्ष्याने खाल्ले तर लावणाऱ्याला सदक्याचे सवाब मिळते, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतोच. वहीत तारीख, वेळ, जागा लिहा. मग रंग, आवाज, झाड आणि काय करत होता ते. नाव सगळ्यात शेवटी, खात्री असेल तरच. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. मुलांसाठी ही सुरुवात चांगली. वटवट्ये तेव्हा आलेले असतात आणि मार्च संपेपर्यंत भरपूर वेळ हाताशी असतो.

मुलाने एखाद्या सकाळी येऊन सांगितले की आज काहीच नीट दिसले नाही, तर त्याला शाबासकी द्या. खरे सांगितल्याची शाबासकी. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या डोळ्यांना, जिभेला आणि लेखणीला अमानत सांभाळण्याची ताकद देवो. आमीन.